एका गुणाने डावललेला मल्ल : खाशाबा जाधव

मित्रांनो, कॅम्पस इंटरव्ह्यूचा सीझन आला की हॉस्टेलचं वातावरणच बदलून जातं. नोटीस बोर्डावर यादी लागते, गर्दी होते आणि ज्याचं नाव यादीत नसतं तो गुपचूप रूमवर जाऊन दार लावून घेतो. एका मार्काने कट-ऑफ हुकला की वाटतं, संपलं सगळं! अशा वेळी आपल्याच मातीतल्या एका माणसाची आठवण व्हायला हवी. यादीतून त्याचंही नाव गळालं होतं. त्यानंतर त्याने जे केलं, त्यामुळे स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक मिळालं.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरात तालमीचं वातावरण, त्यामुळे लंगोट लहानपणीच चढला. शाळा कराडची टिळक हायस्कूल. तो काळही तसाच भारलेला होता. १९४२ च्या लढ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार सातारा-सांगलीच्या गावागावांत उभं राहिलं होतं (आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता). भूमिगतांना आसरा देण्यात शाळकरी खाशाबांनीही आपला वाटा उचलला.

पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. कुस्तीच्या पंढरीत! तिथं दिवसा कॉलेज आणि सकाळ-संध्याकाळ तालीम. अंगकाठी लहानच, उंचीही फार नाही, त्यामुळे पहिल्या नजरेत कुणावर छाप पडायची नाही. पण चपळाई अशी, की समोरच्याला कळायच्या आत पाठ टेकलेली असायची.

१९४८ साली लंडन ऑलिम्पिकची संधी आली. खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांनी हात दिला. पण खरी अडचण वेगळीच होती. आपली कुस्ती लाल मातीतली आणि ऑलिम्पिकची मॅटवरची! मातीत पाय रुतवून डाव करायची सवय असलेल्या माणसाला मॅटवर उभं राहणंही अवघड. शिवाय नियम आंतरराष्ट्रीय, गुणांचा हिशोब निराळा. लंडनमध्ये अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना मार्गदर्शन केलं. एवढ्या थोड्या तयारीवर फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले. मात्र सहाव्या नंबरवर समाधान मानणारा हा गडी नव्हता. परत आल्यावर त्यांनी मेहनत दुप्पट केली आणि पुढच्या वेळी वरच्या वजनगटात, म्हणजे बॅंटमवेटमध्ये उतरायचं ठरवलं.

आणि इथंच घोडं अडलं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकआधी मद्रासला झालेल्या स्पर्धेत त्यांना विजेत्यापेक्षा एक गुण कमी देण्यात आला आणि निवड हुकली. हा गुण जाणूनबुजून कापला, यात वशिलेबाजी झाली, असं खाशाबांचं ठाम म्हणणं होतं. दुसरा कुणी असता तर नशिबाला दोष देत घरी बसला असता. खाशाबांनी तसं केलं नाही. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज यादविंद्र सिंह भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि कुस्तीचे शौकीनही. खाशाबांनी मेहेरबानी मागितली नव्हती. पुन्हा एकदा कुस्ती लावा, एवढंच मागणं होतं. चाचणी कुस्ती लागली. खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला अस्मान दाखवलं आणि यादीत आपलं नाव लिहायला लावलं.

निवड झाली, पण पैसे कुठून आणायचे? सरकारकडून पुरेशी मदत मिळेना. मग गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपलं राहतं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारे सर! आपल्या स्टाफ रूममध्येही हा किस्सा सांगितला गेला पाहिजे.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीशी झालेली लढत लांबली आणि ती त्यांच्या हातून निसटली. याच इशीने पुढे सुवर्णपदक जिंकलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती देण्याचा नियम होता. पण खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवसमोर उभं केलं गेलं. तक्रार करायला जवळ एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेल्या अंगाने ते लढले आणि हरले. तरीही २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडलं.

गावी परतले तेव्हा कराड स्टेशनपासून १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी पहिलं काम काय केलं? कुस्त्यांचे फड भरवले आणि त्यातून आलेल्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं.

पुढची कहाणी मात्र चटका लावते. १९५५ मध्ये ते मुंबई पोलिसांत सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ चं ऑलिम्पिक हुकलं. नोकरीत बढतीसाठी कित्येक वर्षं वाट पाहावी लागली. असिस्टंट कमिशनर झाले ते निवृत्ती तोंडावर आल्यावर. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, २००० सालचा. २०१० मध्ये दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव मिळालं. पद्म पुरस्कार तर हयातीत मिळालाच नाही. म्हणजे एकदा मद्रासला डावललेला हा माणूस नंतरही डावलला जातच राहिला.

त्यांच्यानंतर भारताला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडलं. ते लिएंडर पेसने आणलं. आणि महाराष्ट्राला तर थेट २०२४ पर्यंत, तब्बल ७२ वर्षं थांबावं लागलं. त्या वर्षी पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य जिंकलं.

तेव्हा मित्रांनो, यादीत नाव नसलं तर वाईट वाटणारच. पण आपल्यावर अन्याय झालाय असं खरंच वाटत असेल, तर खाशाबांसारखं सरळ जाऊन पुन्हा संधी मागावी. आणि ती मिळाली की कुस्ती मारून दाखवायची तयारी मात्र आधीच करून ठेवावी. तेवढी तयारी नसेल, तर तक्रार करण्यात अर्थ नाही.