रक्षक पेशींचे पहिले वर्गीकरण करणारे इल्या मेचनिकोव्ह

भिलाई : शरीरातील रक्षक पेशींच्या वर्गीकरणाचा पाया घालणारे इल्या मेचनिकोव्ह यांचा जन्म १८४५ मध्ये खारकोव्ह परिसरात झाला. १८७३ मध्ये पहिल्या पत्नीचे क्षयाने निधन झाले, तेव्हा खचून त्यांनी जीवन संपविण्याचाही प्रयत्न केला होता.

१८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी काट्यांभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या दिसल्या. जंतू गिळणाऱ्या अशा पेशींपैकी मोठ्यांना त्यांनी मॅक्रोफेज, तर लहानांना मायक्रोफेज म्हटले. संरक्षणाचे श्रेय केवळ रक्तद्रवाला देणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञांचा विरोध त्यांनी अनेक वर्षे सोसला. अखेर १९०८ चे नोबेल त्यांना व प्रतिपक्षाचे पॉल एर्लिच यांना विभागून मिळाले.

ओडेसातील त्यांचे शिष्य वाल्देमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. मेचनिकोव्ह १९१६ मध्ये पॅरिस येथे निवर्तले.

१९७३ मध्ये राल्फ स्टाइनमन व झॅनविल कोहन यांनी डेंड्रिटिक पेशी वेगळ्या ओळखल्या. आज वर्गीकरणात आकारापेक्षा पेशीच्या उगमाला महत्त्व आहे. मॅक्रोफेज हे नाव मात्र कायम आहे.