ड्रॅक्युला लिहिणारा नाटकाचा व्यवस्थापक

नववीत आपल्या वर्गात ड्रॅक्युलाचं मुखपृष्ठ गेलेलं एक मराठी पुस्तक बाकाखालून फिरत होतं, हे निदान दहाबारा जणांना आठवत असेल. भूगोलाच्या तासाला ते माझ्याकडे सापडलं आणि बाईंनी जप्त केलं. शेवटची वीस पानं राहिली ती राहिलीच; नोकरीला लागल्यावर वाचली. ते कुणी लिहिलंय, याच्याशी तेव्हा आपल्यापैकी कुणालाच देणंघेणं नव्हतं.

पुढे मी नाटकात शिरलो. नट म्हणून नाही. गॅदरिंगमधलं माझं काम पाहिलेल्यांना त्याचं कारण सांगायला नको. दौऱ्यावरचा व्यवस्थापक म्हणून तेहतीस वर्षं काढली. थिएटरच्या तारखा धरायच्या, बुकिंगच्या खिडकीवर प्लॅन लावायचा, सेटचा टेम्पो वेळेवर पोचवायचा आणि प्रयोग संपल्यावर प्रत्येकाच्या हातात त्याची नाइट ठेवायची. स्मरणिका समितीने या धंद्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या होत्या. त्याऐवजी मी आमच्या धंद्यातल्या सगळ्यात प्रसिद्ध माणसाबद्दल लिहितो. त्याचं नाव ब्रॅम स्टोकर. ड्रॅक्युला त्याने लिहिला, पण पोट भरलं ते नाटककंपनीचे हिशेब ठेवून. तब्बल सत्तावीस वर्षं.

त्याचा जन्म 8 नोव्हेंबर 1847 चा, आयर्लंडमधल्या डब्लिनजवळच्या क्लॉन्टार्फचा. सात भावंडांतला तिसरा. वयाच्या सातव्या वर्षापर्यंत तो अंथरुणाला खिळलेला होता. दुखणं काय होतं ते कुणाला नीट कळलं नाही. नंतर मात्र असा उभा राहिला, की ट्रिनिटी कॉलेजात खेळाडू म्हणून गाजला. वडील डब्लिन कॅसलमध्ये, म्हणजे इंग्रज सरकारच्या कचेरीत, कारकून. आयुष्यभर चाकरी करूनही निवृत्तीनंतर डब्लिनमधला खर्च झेपेना, तेव्हा स्वस्ताई पाहून ते बायको-मुलींसह युरोपात जाऊन राहिले आणि 1876 मध्ये इटलीतच वारले. मुलगाही त्याच कचेरीत चिकटला होता. पुढे त्याला कनिष्ठ न्यायालयांच्या तपासणीचं काम मिळालं आणि तिथल्या कारकुनांची कर्तव्यं सांगणारं एक जाडजूड पुस्तकही त्याने लिहिलं. वाचायला भाकड, पण कागद कसा लावावा, नोंद कशी करावी याची शिस्त त्याच्या हाडात किती भिनली होती ते त्यावरून कळतं.

संध्याकाळी मात्र हा कारकून नाट्यगृहात असे. 1871 पासून तो एका डब्लिनच्या दैनिकात नाटकांची परीक्षणं लिहायचा, तीही फुकट. डिसेंबर 1876 मध्ये हेन्री आयर्विंग हा इंग्लंडचा मोठा नट डब्लिनला हॅम्लेट घेऊन आला. स्टोकरचं परीक्षण त्याला आवडलं, जेवायला बोलावणं झालं. जेवणानंतर आयर्विंगने एका खुन्याच्या पश्चात्तापाची लांबलचक कविता म्हणून दाखवली आणि ती संपताच एकोणतीस वर्षांच्या या धिप्पाड माणसाला रडू आवरेना. त्या रात्रीचं वर्णन त्याने पुढे स्वतःच केलं आहे. नाटकात आलेल्या बहुतेक माणसांच्या आयुष्यात अशी एक रात्र असते. तिची किंमत नंतर हप्त्याहप्त्याने द्यावी लागते, पण ते त्या रात्री कळत नाही.

1878 मध्ये आयर्विंगने लंडनचं लायसियम थिएटर चालवायला घेतलं आणि स्टोकरला बोलावलं. सरकारी नोकरी, तिच्यातली पेन्शन, सगळं सोडायचं होतं. त्याने सोडलं. फ्लॉरेन्स बालकोमशी लग्न ठरलं होतं, ते अलीकडे ओढून 4 डिसेंबरला उरकलं आणि पाचच दिवसांनी नवरानवरी बर्मिंगहॅमला आयर्विंगच्या दौऱ्यावर हजर झाली. मधुचंद्र तोच. (आमच्या सौ.नी हे वाचून माझ्याकडे जे पाहिलं ते इथे छापण्यासारखं नाही.) 30 डिसेंबरला लायसियमचा पडदा हॅम्लेटने उघडला, ऑफिलियाचं काम एलन टेरीचं होतं.

स्टोकरचा हुद्दा होता अ‍ॅक्टिंग मॅनेजर. त्याचा अभिनयाशी संबंध नाही. पडद्यामागचं सगळं, म्हणजे नेपथ्य, दिवे, प्रवेशांची वेळ, लव्हडे नावाचा रंगमंच व्यवस्थापक सांभाळायचा. पडद्यापुढचं सगळं स्टोकरचं: पैसा, तिकिटं, जाहिरात, दौरे, करार आणि मालकाची पत्रं. आयर्विंगच्या नावाने त्याने आयुष्यभरात जवळपास पाच लाख पत्रं लिहिली असावीत, असा त्याचा स्वतःचाच अंदाज आहे. आकडा थोडा फुगवलेला धरला तरी दिवसाला पन्नासएक पत्रं होतात. रात्री प्रयोगाच्या वेळी हाच माणूस संध्याकाळचा पोशाख चढवून जिन्याच्या वरच्या टोकाला पाहुण्यांच्या स्वागताला उभा असे.

त्याने केलेल्या सुधारणा आज सांगितल्या तर हसू येईल. खुर्च्यांना नंबर घातले. आगाऊ बुकिंगवर भर दिला. पण दौऱ्यावर आगाऊ बुकिंग म्हणजे काय असतं ते मला विचारा. प्रयोगाच्या आधी चार दिवस प्लॅनवर किती घरं भरली ते कळलं, तर जाहिरात वाढवायची की टेम्पोवाल्याला थांबायला सांगायचं ते ठरवता येतं. नाहीतर रात्री साडेनऊला पडद्याच्या फटीतून प्रेक्षागृह पाहून जो गोळा पोटात येतो, तो येतो. लायसियमच्या आगाऊ बुकिंगवर एकदा प्रेक्षकही उखडले. 1885 मध्ये रांगेत उभं राहून स्वस्तात बसण्याच्या जागाही आगाऊ विकायला काढल्या, तेव्हा त्या प्रेक्षकांनी एवढा गोंधळ घातला की निर्णय मागे घ्यावा लागला. खिडकीवर रांग लावून तिकीट काढण्यात जे सुख आहे ते हिशेबनिसाला कळत नाही, हे मलाही एका प्रयोगाला चांगलंच कळलं होतं.

खरी परीक्षा अमेरिकेची. 29 ऑक्टोबर 1883 ला न्यूयॉर्कच्या स्टार थिएटरात पहिला प्रयोग झाला आणि पुढच्या वीस वर्षांत कंपनीने असे आठ दौरे केले. सगळी कंपनी, कपडेपट आणि लंडनचं अवजड नेपथ्य जहाजाने न्यायचं आणि मग रेल्वेने शहरामागून शहर. आपल्याकडे मुंबईहून नागपूरला सेट नेताना आमची तारांबळ उडायची. स्टोकर थिएटरांच्या तारखा, गाड्यांच्या वेळा, मजुरी, मुक्काम हे सगळं पत्रं आणि तारा यांच्या जोरावर जुळवायचा. घरी आल्यावर त्याने अमेरिकेवर व्याख्यान दिलं, त्याची पुस्तिकाही निघाली. लायसियमचा थाट मोठा आणि खर्च त्याहून मोठा. आयर्विंगला नाटकात सगळं अस्सल आणि भव्य लागे. फाउस्टमध्ये तर तलवारींच्या लढाईत विजेच्या ठिणग्या उडवल्या होत्या. प्रयोगानंतर थिएटरमधल्याच एका खास दालनात मोठमोठ्या मंडळींच्या पंगती उठत, त्याही मालकाच्या खर्चाने. पुढेपुढे लंडनला पडलेली खिंडारं दौऱ्याच्या पैशाने बुजवली जाऊ लागली. हे गणित ज्याने चालवलंय त्यालाच ते किती थकवतं ते ठाऊक.

त्यातही हा माणूस स्वस्थ बसत नव्हता. 1882 मध्ये थेम्स नदीत जीव द्यायला उडी टाकलेल्या एका माणसामागे त्याने बोटीवरून उडी मारली. माणूस वाचला नाही, स्टोकरला पदक मिळालं. 1890 मध्ये वकिलीची सनद घेतली, वकिली मात्र केली नाही. आणि त्याच वर्षी त्याने एका कादंबरीची टिपणं काढायला सुरुवात केली. सात वर्षं तो ती सुट्टीत, प्रवासात, मिळेल त्या कागदावर लिहीत होता. काही टिपणं फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलच्या नावाच्या कागदावर आहेत. ती पाहून मला माझ्या डायऱ्या आठवल्या, ज्यात अर्ध्या पानावर भत्त्याचा हिशेब आणि अर्ध्या पानावर मुलीच्या शाळेची फी.

दुसऱ्याचे लाखोंचे व्यवहार सांभाळणाऱ्या स्टोकरला 1896 मध्ये हॉल केन या कादंबरीकार मित्राकडून 600 पौंड उसने घ्यावे लागले. पुढच्या वर्षी ड्रॅक्युला निघाला तो त्याच मित्राला, त्याच्या घरगुती लाडक्या नावाने, अर्पण केलेला आहे. पुस्तक येण्याआधी आठ दिवस, 18 मे 1897 ला, नाट्यरूपाचे हक्क आपल्याकडे राहावेत म्हणून स्टोकरने लायसियममध्ये त्याचं वाचन करून घेतलं. चार तासांहून जास्त चाललं. इथे त्याचं व्यवस्थापकाचं डोकं चाललेलं दिसतं. पण प्रकाशकाशी केलेल्या करारात पहिल्या हजार प्रतींवर त्याला एक पैसाही मिळायचा नव्हता. आयर्विंगसाठी असा करार त्याने कधी केला असता असं मला वाटत नाही. पुस्तक खपलं, पण त्याचा संसार त्यावर चालेल एवढं नाही.

18 फेब्रुवारी 1898 च्या पहाटे लायसियमच्या नेपथ्याच्या गोदामाला आग लागली. रेल्वेच्या कमानींखाली ठेवलेलं 44 नाटकांचं नेपथ्य जळून गेलं. वीस वर्षांची सगळी पुंजी. विमा होता, पण आदल्याच काळात आयर्विंगने काटकसर म्हणून स्टोकरला तो कमी करायला सांगितलं होतं आणि स्टोकरने तो केला होता.

माझाही एक सेट घाटात जुलैच्या पावसात वाहून गेल्यासारखा झाला होता. ताडपत्री फाटली, फ्लॅट फुगले, रंग उतरले. हप्ता वाचवू या असं निर्माते म्हणाले होते आणि मी मान हलवली होती. वर्गातला जो दोस्त विमा कंपनीत गेला (नाव घेत नाही, तो ओळखेल) तो मला त्याआधी तीनदा भेटून गेला होता. मालकाने सांगितलं म्हणून केलं हे उत्तर खरं असतं. पण वही आपल्या हातात असते आणि धोका आपल्याला दिसत असतो, हेही खरंच. स्टोकरने विरोध केला असेल का? त्याच्या लिखाणात मालकाविरुद्ध एक शब्द सापडत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयर्विंग दौऱ्यात ग्लासगोला फुप्फुसाच्या आजाराने अंथरुणाला खिळला. पैसा हवा होता. लायसियम एका मंडळीच्या कंपनीकडे सोपवण्याचा व्यवहार झाला आणि स्टोकरला त्यात विचारात घेतलं नव्हतं. वीस वर्षं ज्याने वह्या ठेवल्या त्याला निकाल तेवढा कळवला गेला. नंतर आगीपासून सुरक्षेसाठी थिएटरमध्ये फेरफार करायचा सरकारी आदेश आला, तो खर्च नव्या कंपनीला झेपला नाही आणि जुलै 1902 मध्ये आयर्विंगचा तिथला शेवटचा प्रयोग झाला. मग उरला फक्त दौरा. पासष्टी ओलांडलेला नट आणि त्याचा व्यवस्थापक गावोगाव फिरत राहिले. 13 ऑक्टोबर 1905 ला ब्रॅडफर्डला प्रयोग करून हॉटेलवर परतल्यावर आयर्विंग गेला. त्याच्या अस्थी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये ठेवल्या. मृत्युपत्रात स्टोकरचं नाव नव्हतं.

तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता. पुढच्या वर्षी त्याने आयर्विंगच्या आठवणींचे दोन खंड काढले. भक्तीने ओथंबलेले, पण मधूनच निर्मितीखर्चाचे आकडे देणारे. त्या आकड्यांसाठी मी ते वाचले. त्याच वर्षी पक्षाघाताचा झटका आला, चालणं आणि दृष्टी मंदावली. मिळेल ते काम तो करत राहिला. एका संगीत नाटकाचं व्यवस्थापन केलं, कादंबऱ्या लिहिल्या. 1911 मध्ये गरजू लेखकांना मदत करणाऱ्या निधीकडे त्याने अर्ज केला आणि 100 पौंड मंजूर झाले. टायटॅनिक बुडाल्यावर पाचच दिवसांनी, 20 एप्रिल 1912 ला, तो लंडनला वारला. मृत्युलेखांनी त्याची ओळख मुख्यतः आयर्विंगचा व्यवस्थापक अशीच करून दिली.

नाट्यसंकुलात आम्ही चहा पिताना नव्या मुलांना मी स्टोकरची गोष्ट सांगतो, तेव्हा ती विचारतात, मग त्याने स्वतःचं काय ठेवलं? मी त्यांना सांगतो, नोकरी लागली की पहिल्याच महिन्यात लेखी करार आणि आपल्या नावाचं बँकेचं पुस्तक. माझा करार मला बाविसाव्या वर्षी मिळाला. म्हणजे नोकरीच्या. तोवर सगळं शब्दावर चाललं होतं आणि पहिल्या एकवीस वर्षांचा भविष्य निर्वाह निधी कुठेच जमा नाही. माझ्या निर्मात्यांबद्दल माझ्या मनात कटुता नाही, माझ्या आळसाबद्दल आहे.

फ्लॉरेन्स मागे राहिली. 1913 च्या जुलैत तिने नवऱ्याची पुस्तकं आणि कागद लिलावात काढले. ड्रॅक्युलाच्या टिपणांना दोन पौंडांहून थोडं जास्त मिळालं. 1922 मध्ये जर्मनीत परवानगी न घेता ड्रॅक्युलावर चित्रपट निघाला, तेव्हा मात्र तिने नेटाने खटला लढवला आणि कोर्टाकडून त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम मिळवला. तिच्या परवानगीने 1924 मध्ये हॅमिल्टन डीन नावाच्या एका नटाने ड्रॅक्युलाचं नाटक केलं. डर्बीला उघडून ते तीन वर्षं इंग्लंडच्या गावोगाव फिरलं आणि मग लंडनला आलं. त्या नाटकाच्या दौऱ्याचा हिशेब कोण ठेवत होता ते मात्र मला कुठे सापडलं नाही.

लिलावात विकली गेलेली ती टिपणं, हॉटेलच्या कागदावरच्या ओळींसकट, हल्ली फिलाडेल्फियाच्याच रोझेनबाख संग्रहालयात आहेत.