सरकारशी आयुष्यभर भांडले, पण आपल्याच माणसांच्या गर्दीपुढंही वाकले नाहीत : जुन्नरचे एसेम

जुन्नर तालुका म्हटलं की शिवनेरी आठवतो, फार तर येडगावचं धरण आणि नारायणगावचा तमाशा. पण १२ नोव्हेंबर १९०४ ला याच जुन्नरमध्ये श्रीधर महादेव जोशी जन्माला आले. पुढं अख्खा महाराष्ट्र त्यांना एसेम म्हणूनच ओळखू लागला.

घराणं मूळचं कोकणातलं. वडील जुन्नरच्या कोर्टात नोकरीला होते. ते लवकर गेले आणि एसेमचं शिक्षण पुण्यात ओढाताणीत झालं.

१९२९ साली पुण्यात पर्वतीचं मंदिर दलितांना खुलं करा म्हणून सत्याग्रह झाला. ब्राह्मण घरातले २४ वर्षांचे एसेम त्यात होते. सत्याग्रहींवर दगड पडले. मारणारे इंग्रज नव्हते, पुण्यातलेच सनातनी होते.

इंग्रजांचा नंबर पुढच्याच वर्षी आला. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग, मग समाजवादी पक्षाची उभारणी, राष्ट्र सेवा दल. ४२ च्या चळवळीत तर हा माणूस मौलवीच्या वेशात, इमाम अली नावानं भूमिगत फिरत होता.

स्वातंत्र्य मिळालं, सरकार आपलं झालं. पण मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्यांवर त्याच सरकारनं गोळ्या झाडल्या. शंभरावर माणसं गेली. ६ फेब्रुवारी १९५६ ला संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि एसेम तिचे सरचिटणीस झाले. डांगे, अत्रे, एसेम एका व्यासपीठावर! आज विचार केला तरी अवघड वाटतं.

खरी कसोटी लागली ३० नोव्हेंबर १९५७ ला.

पंतप्रधान नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण करायला येणार होते. लोक खवळलेले होते. विधानसभा निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रानं काँग्रेसला नुकतंच पाणी पाजलं होतं. अशा वेळी गर्दीला नुसती मोकळीक दिली असती तरी काहीही घडलं असतं.

समितीनं निदर्शनं केलीच. हजारो माणसं काळे झेंडे घेऊन उभी राहिली. पण नेहरूंच्या केसालाही धक्का लागणार नाही, हे एसेमनी बघितलं. सरकारला विरोध करण्याचा हक्क सोडायचा नाही आणि समोरच्या माणसावर हातही उचलू द्यायचा नाही. आमच्या मते एसेम समजून घ्यायचे तर हा एक दिवस पुरेसा आहे.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६७ ला पुण्यानं एसेमना खासदार केलं. आणीबाणीत विरोधकांना एकत्र आणायच्या खटपटीत ते होते, पण १९७७ ला जनता पक्षाचं सरकार आल्यावर मंत्रिपद घेतलं नाही.

मग आलं नामांतर. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. दलितांची घरं जाळली गेली. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं होतं, मराठवाडा हे नाव आमची अस्मिता आहे. म्हणजे ज्या शब्दासाठी एसेम स्वतः लढले होते, तोच शब्द आता दलितांच्या विरोधात वापरला जात होता. काही जुने सहकारीही तिकडं गेले.

एसेम नामांतराच्या बाजूनं उभे राहिले. वय सत्तरीच्या पुढं. मराठवाड्यात लोकांनी त्यांच्या गळ्यात चपलांचा हार घातला, तरी त्यांनी भूमिका बदलली नाही.

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. एसेम १ एप्रिल १९८९ लाच गेले होते.