दह्यातल्या जंतूंवर भरवसा ठेवणारे मेचनिकॉव्ह

पोट फुगलं, करपट ढेकर सुरू झाले की हल्ली मेडिकलमध्ये प्रोबायोटिकची कॅप्सूल हातावर ठेवतात. या कॅप्सूलचं मूळ शोधत गेलं की गाठ पडते ती इल्या मेचनिकॉव्ह या दाढीवाल्या रशियन शास्त्रज्ञाशी.

१८४५ साली खारकोव्हजवळ, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, त्यांचा जन्म झाला. ते प्राणिशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हेत. स्वभाव हळवा आणि टोकाचा. पहिली पत्नी ल्युडमिला क्षयाने इतकी खंगलेली, की लग्नासाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. १८७३ मध्ये ती गेली, तेव्हा मेचनिकॉव्ह यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. सुदैवाने वाचले.

१८८२ साली सिसिलीतल्या मेसिना इथं त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. सकाळी पाहतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा! शरीरातल्या पेशी जंतूंना गिळतात, हा त्यांचा सिद्धांत इथूनच निघाला आणि १९०८ चं नोबेल पॉल एर्लिख यांच्यासोबत मिळालं. १८८८ पासून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे हाफकिन हे ओडेसातले त्यांचेच विद्यार्थी.

साठीकडे झुकताना मात्र त्यांना म्हातारपणाच्या प्रश्नाने घेरलं. मोठ्या आतड्यात अन्न कुजवणारे जंतू माजतात, त्यांचं विष रक्तात मिसळतं आणि माणूस लवकर थकतो, असं त्यांचं मत बनलं. मग उपाय काय? दूध आंबलं की कुजत नाही, कारण त्यातल्या आम्लात कुजवणारे जंतू तगत नाहीत. पोटातही तसंच होईल, असा त्यांचा हिशेब. बल्गेरियातले शेतकरी आंबट दूध खाऊन दीर्घायुषी होतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने त्या दुधातला जंतू शोधून काढला. मेचनिकॉव्ह रोज आंबट दूध घेऊ लागले, कच्चं काही खायचं त्यांनी सोडलं. आपल्याकडे जेवण ताकभातावर संपतं, त्यामुळे यात नवल वाटणार नाही. पॅरिसमध्ये मात्र या दुधावर आणि गोळ्यांवर लोक तुटून पडले.

याच विचाराच्या भरात लंडनचे सर्जन आर्बथनॉट लेन यांनी बद्धकोष्ठाच्या रुग्णांचं मोठं आतडंच कापायचा सपाटा लावला. पुढे दिसलं, की तो बल्गेरियन जंतू आतड्यात मुक्काम करतच नाही. आज डॉक्टर जंतूंची जी बेसुमार वाढ सांगतात, ती तर लहान आतड्यातली. तिथं श्वासाची तपासणी करतात, अँटिबायोटिक देतात, कांदा-लसूण, कडधान्यं असे लवकर आंबणारे पदार्थ काही दिवस कमी करायला सांगतात. प्रोबायोटिक सगळ्यांना सारखं मानवत नाही. कुणाचं पोट त्यानंच जास्त फुगतं. म्हणून दही-ताक जरूर घ्यावं, पण त्याच्या भरवशावर तपासणी लांबवू नये.

१५ जुलै १९१६ रोजी वयाच्या ७१ व्या वर्षी मेचनिकॉव्ह हृदयविकाराने गेले. जाण्याआधी त्यांनी डॉक्टर मित्राला सांगून ठेवलं होतं, की शवविच्छेदन करताना माझी आतडी नीट तपासा. त्यांच्या अस्थी आजही पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात आहेत.