पंडिता रमाबाई : मंद श्रवण, थोर कार्य

पंडिता रमाबाईंच्या विद्वत्तेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु मंद झालेल्या श्रवणशक्तीने त्यांच्या आयुष्याची दिशा कशी पालटली, इकडे सहसा लक्ष जात नाही. म्हणून ज्ञातिबांधवांपुढे आम्ही हे अल्प चरित्र ठेवीत आहोत.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नीस संस्कृत शिकविले. मातेने ती विद्या कन्येस दिली. आईवडील दुष्काळात निवर्तले. १८७८ साली कलकत्त्यास पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

१८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी वारले. त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर कमिशनपुढे स्त्री-डॉक्टरांची निकड मांडली. स्वतः वैद्यक शिकावे म्हणून १८८३ साली त्या विलायतेस गेल्या. तेथे वाढत्या बहिरेपणामुळे तो मार्ग कायमचा बंद झाला. ज्यांनी स्त्री-डॉक्टर मागितल्या, त्यांना स्वतः डॉक्टर होता आले नाही! तरी त्या खचल्या नाहीत. चेल्टनहॅम येथे त्यांनी संस्कृत शिकविले. १८८९ साली मुंबईस विधवांसाठी शारदासदन काढले. त्यांच्या धर्मांतरावरून मोठे वादळ उठले, पण कार्य थांबले नाही. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळपीडित स्त्रियांना आश्रय मिळाला. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

बहिरेपणाची कारणे अनेक असतात व प्रत्येकावर शस्त्रक्रिया चालत नाही. परंतु कान वारंवार फुटून पडद्यास छिद्र पडले असल्यास आज उपाय आहे. १९५० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत वुलस्टाइन व त्सोल्नर या जर्मन शल्यवैद्यांनी पडदा व त्यामागील सूक्ष्म हाडांची साखळी दुरुस्त करण्याची पद्धत रूढ केली. आता बहुधा कानाच्या वरच्या बाजूच्या स्नायूवरील पातळ आवरण काढून छिद्रावर बसवितात. कान वाहता ठेवल्यास काही रोगांत आतील हाड झिजते आणि विकार मेंदूपर्यंत पोहोचू शकतो.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात, परांड्यापासून उमरग्यापर्यंत, कान वाहणाऱ्या मुलाच्या कानात कोमट तेल घालून स्वस्थ बसणारी घरे आम्ही पाहिली आहेत. वर्गात हाक ऐकू न येणारे मूल मठ्ठ ठरते. पालकांनी अशा मुलास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यावे. सोलापूर व अंबाजोगाई येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. रमाबाईंना जो मार्ग सोडावा लागला, तो आपल्या लेकींना केवळ हयगयीमुळे सोडावा लागू नये, एवढीच आमची विनंती.