शंतनुराव किर्लोस्कर
शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर (२८ मे, इ.स. १९०३, सोलापूर - २४ एप्रिल, इ.स. १९९४) हे मराठी अभियंते व उद्योजक होते. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर हे त्यांचे वडील. त्यांच्या जन्माच्या वेळी सोलापूर हे कापडगिरण्यांचे शहर होते. चिंचोळी एमआयडीसी ही फार नंतरची. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतून इ.स. १९२६ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात काम करू लागले.

इ.स. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधील हवा दाबाने इतकी तापते की फवारलेले इंधन आपोआप पेटते. त्यामुळे पिस्टन व सिलिंडर यांच्या जुळणीत थोडी जरी फट राहिली, तरी दाब घटतो, इंजिन धूर सोडते आणि त्याची शक्ती कमी पडते. मोट सोडून पंपावर विसंबलेल्या शेतकऱ्याचे पीक या अचूकपणावरच अवलंबून होते. कंपनी नवी असतानाच, इ.स. १९४८ मध्ये, गांधीहत्येनंतरच्या दंगलीत किर्लोस्करवाडीत जाळपोळ झाली. कारखाना पुन्हा उभा करावा लागला. इ.स. १९६२ मध्ये अमेरिकेतील कमिन्स कंपनीच्या सहकार्याने किर्लोस्कर कमिन्स स्थापन झाली. इ.स. १९६५ मध्ये शंतनुरावांना पद्मभूषण पुरस्कार मिळाला.