पेन्शन घेतल्यानंतरचे सुभेदार रामजी

बाबासाहेबांच्या वडिलांचं नाव आपल्या घराघरात पाठ आहे. जयंतीच्या भाषणात पहिलीचं लेकरूसुद्धा सांगतं, की १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे रामजी सकपाळ व भीमाबाई यांच्या पोटी भीमरावांचा जन्म झाला. तिथून आपण सगळे भीमरावांच्या मागे निघतो आणि सुभेदार महूलाच राहून जातात. आज विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त त्यांच्याविषयी चार शब्द लिहितो आहे. तेही त्यांच्या नोकरीबद्दल नव्हे, तर नोकरी संपल्यावर त्यांनी काय केलं त्याबद्दल.

सुभेदारांचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील मालोजी हेही पलटणीतले. रामजी सैन्यात भरती झाले, शिकले आणि पलटणीच्या शाळेत चौदा वर्षं हेडमास्तर होते. त्या काळी गावच्या शाळेत आपल्या माणसाच्या सावलीलाही जागा नव्हती. पण पलटणीत शिपायाच्या मुलालाच काय, मुलीलासुद्धा शिक्षण सक्तीचं होतं. एकदा अक्षर हाती आलं की माणूस कसा ताठ उभा राहतो, हे रामजींनी त्या शाळेत रोज डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या आयुष्याची त्यांची शिदोरी हीच.

१८९४ च्या सुमारास ते सेवानिवृत्त झाले. महिना पन्नास रुपये पेन्शन. अंगावरचा डगला उतरला, हाताखालचे शिपाई गेले, शाळा गेली. त्यातच सरकारने महारांची सैन्यभरती बंद केलेली. म्हणजे ज्या वाटेने आजा-बाप वर आले ती वाट मुलांसाठी बुजली. भरती पुन्हा चालू व्हावी म्हणून झालेल्या अर्ज-विनंत्यांत सुभेदारांचा हात होता. सरकारने ऐकलं नाही.

कुटुंब दापोलीला आलं. तिथे पेन्शनर लोकांची वस्ती होती. पार होता, गप्पा होत्या, पलटणीच्या आठवणी होत्या. सुभेदारांनी तिथेच बसून दिवस काढले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण पुढे त्यांनी सातारा गाठलं आणि पुन्हा नोकरी धरली. आणि साताऱ्यातच भीमाबाई गेल्या. भीमराव तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचे. चौदा लेकरांतली पाच उरलेली, बलराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि भीमराव. पाठीला बाक असलेल्या मीराआत्याने ती पोरं सांभाळली. सुभेदारांनी पुढे दुसरं लग्न केलं, ते लहान भीमरावाला रुचलं नाही, हेही खरं आहे. थोर माणसाच्या घरातही असं होतं.

नंतर खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर तळं खोदणं चालू होतं, तिथे ते कॅशियर होते. दुष्काळी काम म्हणजे काय हे आपल्या वाशी-भूमच्या माणसाला सांगायला नको. वडिलांना भेटायला पोरं रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरली आणि जात कळताच गाडीवाले, पाणीवाले कसे फिरले, हा बाबासाहेबांनी लिहिलेला प्रसंग याच काळातला.

१९०४ साली सुभेदार मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. गिरणी कामगारांची वस्ती ती. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत जळण, जातं, माणसं, आणि त्यातच अभ्यास. पेन्शनीत दोन मुलांची शाळा भागेना. आनंदरावांना शाळा सोडून कामाला जावं लागलं आणि भीमरावांना एल्फिन्स्टन हायस्कुलात घातलं. बापाने एका लेकाचं शिक्षण थांबवून दुसऱ्याचं चालू ठेवायचं, हा निर्णय किती जड असेल! आनंदरावांच्या त्या कष्टांनाही आपण नमन केलं पाहिजे.

भीमराव संध्याकाळी लवकर झोपत. म्हातारा बाप रात्री दोनपर्यंत जागा राही, दोनला मुलाला उठवी आणि मग स्वतः आडवा होई. गलका शांत झाल्यावर बत्तीच्या उजेडात पोरगा वाची. पुस्तक हवं असलं की सुभेदार लेकीच्या दारात जात, उसने पैसे मागत. तिच्याजवळ नसले तर दुसरीचा दागिना घेऊन सावकाराकडे गहाण टाकत आणि पेन्शन झाली की सोडवून परत नेऊन देत. पलटणीचा सुभेदार, पण पुस्तकापायी लेकीपुढे हात पसरायला त्यांना कमीपणा वाटला नाही. स्वतः मुलाला इंग्रजीचं भाषांतर शिकवत. कबीरपंथी असल्याने दारूला शिवले नाहीत. सकाळ-संध्याकाळ घरात भजन आणि वाचन चालायचं.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. सत्कार झाला, केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे पैसा पुरेना तेव्हा सयाजीराव महाराजांची महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. भीमराव बी. ए. होऊन १९१३ च्या जानेवारीत बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, आणि थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा सुभेदारांचे डोळे त्यांचीच वाट बघत होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले.

त्याच वर्षी जुलैत भीमराव अमेरिकेला पोचले. ते सुभेदारांनी पाहिलं नाही. महाडचं तळं, संविधान, नागपूरची दीक्षा, काहीच पाहिलं नाही. १९४१ साली आपल्या कसबे तडवळ्याच्या परिषदेला बाबासाहेब आले, तेव्हा वडील जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. १९२३ साली बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केला. पेन्शनरच्या वीस वर्षांची ती पावती.

बंधू-भगिनींनो, हे सांगायचं कारण आहे. आपल्या वाशीत आणि आसपासच्या खेड्यांत मुंबई-पुण्याहून परतलेली माणसं पुष्कळ आहेत. कुणी एस.टी.तून रिटायर झालं, कुणी पलटणीतून. माझ्यासारख्याची गिरणी २०२० च्या टाळेबंदीत बंद पडली ती पुन्हा चालू झालीच नाही. हक्काचे पैसे कधी मिळतील, याची वाट पाहण्यात दिवस जातो. पैशासाठी भांडायचं, ते सोडायचं नाही. पण भांडण दिवसभर पुरत नाही. उरलेल्या वेळात माणूस पारावर बसतो, नाहीतर गुत्त्यावर, आणि आपलं सगळं संपलं म्हणतो.

सुभेदारांचंही सगळं संपलं होतं. त्यांनी नवीन मोठं काही शोधलं नाही. पलटणीच्या शाळेत जे येत होतं तेच काम एका खोलीत, एका पोरासाठी पुढे चालवलं. आपल्याला फळ दिसेल का, हा हिशेब केला नाही. विहारात दिवा आहे, सतरंजी आहे, परीक्षेला बसणारी पोरं आहेत. त्यांच्यासोबत रात्री जागायला एखादा रिटायर माणूस पाहिजे. रोज एकाने पाळी धरली तरी सुभेदारांची खरी जयंती होईल.

जयभीम!